विमान सुटताना औषध शोधू नये

मंगळवार पेठेत माझा दवाखाना सुरू होऊन आता पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. सुरुवातीच्या दिवसांत पेशंट प्रवासाला निघाला की मागणी ठरलेली असे : ‘डॉक्टर, एस. टी. लागते, एखादी गोळी द्या.’ फार तर हरिप्रिया एक्स्प्रेसने तिरुपतीला जाणारे एखादे जोडपे जुलाबाची गोळी मागून नेई. आता काळ बदलला. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ साली उजळाईवाडीला जो विमानतळ झाला, तेथे मार्च २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत उभी राहिली. मिरजकर तिकटीला भाजी घेताना भेटणारी माणसेही सहजपणे सांगतात, ‘पोरीकडे अमेरिकेला चाललोय’, ‘थोरला दुबईला असतो, महिनाभर जाऊन येतो’. आनंदाची गोष्ट आहे. मात्र कपडे, चटण्या, लाडू यांची तयारी महिनाभर चालते आणि औषधांची तयारी शेवटच्या दिवशी, किंबहुना शेवटच्या तासाला होते. ‘राहिलंच काही तर विमानतळावर मेडिकल असतंच की’, हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. या वाक्यावर विसंबून काय होऊ शकते, ते आज सांगायचे आहे.

माझे एक जुने पेशंट, निवृत्त शिक्षक. त्यांना आपण गुरुजी म्हणू. वय अडुसष्ट, मधुमेह पंधरा वर्षांचा, सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन, शिवाय रक्तदाबाच्या गोळ्या. मुलीच्या बाळंतपणासाठी पती-पत्नी प्रथमच अमेरिकेला निघाले. निघण्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात आले. बाहेर पंधरा-वीस पेशंट बसलेले. मी छोट्या चिठ्ठीवर नेहमीच्या घाईच्या अक्षरात नेहमीच्याच कंपन्यांची नावे लिहिली, ‘तब्येतीला जपा’ म्हटले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. गुरुजींनी कोपऱ्यावरच्या दुकानातून औषधे घेतली. बाईंनी ती सगळी, माझ्या चिठ्ठीसकट, मोठ्या बॅगेत नीट तळाशी ठेवली. ती बॅग मुंबईत विमान कंपनीच्या काउंटरवर गेली.

सुरक्षा तपासणी झाल्यावर रात्रीच्या इन्शुलिनची वेळ झाली, तेव्हा गुरुजींच्या लक्षात आले की औषध हाताशी नाही. आतल्या भागात औषधांचे दुकान होते. गुरुजींनी इन्शुलिन मागितले. विक्रेत्याने नम्रपणे विचारले, ‘काका, डॉक्टरांची चिठ्ठी?’ चिठ्ठी बॅगेत आणि बॅग विमानाच्या पोटात. विक्रेत्याने हात जोडले. पुढे विमानात रात्रीचे डोस चुकले, त्यात जेवण वेळी-अवेळी. तिकडे उतरल्यावर बॅग आलीच नाही. ती तिसऱ्या दिवशी मिळाली. दुसऱ्या रात्री रक्तातील साखर चारशेच्या वर गेली. तहान, उलट्या, ग्लानी. मुलीचे दिवस भरत आलेले, त्या अवस्थेत ती वडिलांना घेऊन इस्पितळात धावली. गुरुजी बचावले. इस्पितळाचे बिल मात्र जावयाला बरेच महिने पुरले.

परत आल्यावर गुरुजी मला भेटायला आले. त्यांचा स्वभाव शांत. म्हणाले, ‘डॉक्टर, चूक नेमकी कुणाची म्हणायची?’ त्या दुकानदाराची तर नव्हेच. त्याने कायदा पाळला. बाईंची म्हणावी, तर औषधाची बॅग कोणती असते हे त्यांना कुणी सांगितले होते? मी म्हणालो, ‘गुरुजी, पहिली चूक माझी.’ तेव्हापासून या विषयावर लिहायचे मनात होते.

आपल्या गावात औषध घेण्याची पद्धत कशी आहे पाहा. दुकानदार ओळखीचा. त्याला आपला आजार माहीत, गोळीचा रंगही पाठ. ‘ती सकाळची पांढरी द्या’ म्हटले की काम होते. चिठ्ठी कुणी विचारत नाही, पावती कुणी मागत नाही. आपल्याला ही सोय वाटते. पण या सोयीमुळे आपल्या आजाराचा आणि औषधाचा एकही धड कागद आपल्याजवळ राहत नाही. पेठेत ओळख चालते. पेठेबाहेर, जेथे आपल्याला कुणी ओळखत नाही तेथे, कागदच बोलतो. आपल्या देशात १९४० च्या औषध कायद्याखालील नियमांनुसार परिशिष्ट ‘एच’मधील औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्यातही झोपेच्या व अस्वस्थपणाच्या काही गोळ्या, कोडीनसारखी औषधे आणि बरीच प्रतिजैविके १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ या अधिक कडक यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराला रुग्णाचे व डॉक्टरचे नाव वहीत नोंदवून ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. विमानतळावरचा विक्रेता चिठ्ठी मागतो तेव्हा तो अडवणूक करीत नसतो. आपण कोल्हापुरात जो नियम रोज ओलांडतो, तो तेथे पाळला जातो इतकेच.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, विमानतळावरचे औषध दुकान विसरलेला दातांचा ब्रश, डोकेदुखीची एखादी गोळी, बँडेजची पट्टी यांसाठी ठीक आहे. ज्या औषधावर आपला जीव चालतो, ते तेथे मिळेल हा हिशेब कधीही धरू नये. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, फिट्स, दमा, थायरॉईड यांची औषधे घरातूनच निघाली पाहिजेत, आणि तीही हातातल्या पिशवीतून.

हातातली पिशवी कशासाठी, हेही समजून घ्यावे. मोठी बॅग उशिरा येऊ शकते, हरवू शकते. शिवाय इन्शुलिनसारखे औषध सामानकक्षातील थंडीत गोठू शकते. एकदा गोठलेले इन्शुलिन पुन्हा पातळ झाले तरी त्याचा भरवसा राहत नाही. ते टाकून द्यावे लागते. गुरुजींची बॅग तिसऱ्या दिवशी मिळाली, तरी त्यातील इन्शुलिन तिथल्या डॉक्टरांनी वापरू दिले नाही, ते योग्यच केले. वापरात घेतलेले बहुतेक इन्शुलिन साधारण चार आठवडे नेहमीच्या तपमानात टिकते, त्यामुळे प्रवासात फ्रिजची चिंता करू नये. ऊन आणि गोठणे या दोन्हींपासून मात्र जपावे. अमेरिकेकडे जाताना दिवस लांबतो, जपानकडे जाताना आखूड होतो. तेव्हा इन्शुलिनच्या वेळा कशा बदलायच्या, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. हे काम विमानात बसून अंदाजाने करायचे नव्हे.

आता पातळ वस्तूंविषयी. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून सुटणारी विमाने पातळ स्फोटकांनी उडवून देण्याचा कट उघडकीस आला. तेव्हापासून परदेशी विमानप्रवासात हातातल्या सामानातील पातळ पदार्थांवर बंधन आले. प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी नको आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या एका पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. काही देशांतील विमानतळांनी नवी यंत्रे बसवून हा नियम सैल केला असला, तरी आपण तो धरूनच चालावे. येथे आपल्या लोकांची गफलत होते ती अशी : बाटलीत तेल किती उरले हे पाहिले जात नाही, बाटली केवढी आहे हे पाहिले जाते. दोनशे मिलिलिटरच्या बाटलीच्या तळाशी चमचाभर खोबरेल असले तरी ती काढून ठेवावी लागते. टूथपेस्ट, शाम्पू, क्रीम, च्यवनप्राश, लोणचे ही मंडळीसुद्धा ‘पातळ’ या सदरातच मोडतात. प्रवासात लागणाऱ्या पातळ औषधाला सवलत मिळते, पण त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी जवळ हवी. म्हणजे पुन्हा कागदच. तपासणीनंतर आतल्या दुकानात घेतलेली बाटली विमानात नेता येते. पण वाटेत विमान बदलायचे असेल, तर ती दुकानदाराकडून सीलबंद पारदर्शक पिशवीत पावतीसह घ्यावी आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत पिशवी फोडू नये.

किमतीबद्दलही लोक विचारतात. ‘विमानतळावर सगळे दुप्पट’ असा आपला समज असतो. चहा-वड्याचे मी सांगत नाही. पण बंद वेष्टनातील वस्तू छापील कमाल किमतीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही, मग ते दुकान महाद्वार रोडवर असो की विमानतळावर. एकाच वस्तूवर दोन ठिकाणी दोन वेगळ्या किमती छापण्याची जी युक्ती चाले, तिलाही १ जानेवारी २०१८ पासून केंद्र सरकारच्या नियमाने बंदी आहे. तेव्हा पट्टीवरची किंमत पाहा आणि पावती मागा. नुकसान होते ते दुसऱ्या वाटेने. गावातला दुकानदार जी सूट देतो ती तेथे मिळेलच असे नाही, जनऔषधी दुकानातील स्वस्त पर्याय समोर नसतो, हव्या त्या कंपनीचे औषध नसते आणि शाम्पू-पेस्टच्या इवल्याशा बाटल्या-नळ्या हिशेबाने महाग पडतात. घाईतली खरेदी खिशाला महाग, हे आपल्या आईवडिलांनी आपल्याला बाजारात शिकवलेच आहे.

पण खिशापेक्षा मला काळजी वाटते ती घाईत, कुणालाही न विचारता घेतलेल्या गोळ्यांची. सर्दी झाली म्हणून माणूस विमानतळावर सर्दीची गोळी घेतो, अंग दुखते म्हणून वर तापाची गोळी घेतो. दोन्हींत पॅरासिटामॉल असते, हे त्याला ठाऊक नसते. प्रमाणाबाहेर गेले की हेच औषध यकृताला घातक ठरते. सर्दीच्या गोळीत नाक मोकळे करणारे जे द्रव्य असते, ते रक्तदाब वाढवू शकते; रक्तदाबाच्या पेशंटने ते विचारल्याशिवाय घेऊ नये. झोप लागावी म्हणून गोळी आणि वर विमानात मिळणारे मद्य, हा तर उघड धोका. विमानातली हवा समुद्रसपाटीसारखी नसते. आपले महाबळेश्वर साधारण साडेचार हजार फुटांवर आहे; विमानाच्या आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरील हवेइतका विरळ असतो. म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच जागी आपण रात्र काढतो. दम्याच्या व हृदयाच्या पेशंटने हे ध्यानात ठेवून निघण्यापूर्वी तपासून घ्यावे आणि पंप किंवा जिभेखालची गोळी खिशात ठेवावी, डोक्यावरच्या कप्प्यात नव्हे.

लांबच्या प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची भीती असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक वेळ बसून प्रवास केल्यास हा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही तो सुमारे सहा हजार प्रवाशांत एक इतकाच आहे. तेव्हा घाबरून कुणी विमानतळावर ॲस्पिरिनची पट्टी विकत घेऊ नये. तास-दीड तासाने उठून चार पावले चालावे, पोटऱ्या हलवाव्यात, पाणी प्यावे. ज्यांना पूर्वी अशी गाठ झाली आहे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे.

लहान मुलांचे आई-वडील एक प्रश्न जरा ओशाळून विचारतात : ‘बाळ विमानात रडेल, झोपेचं काही सर्दीचं औषध पाजावं का?’ माझे उत्तर ठाम ‘नाही’ असे आहे. सर्दीच्या ज्या मिश्रणात क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन असते, ते चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली, तेव्हा दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत, असा सल्ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दिला. बाळ रडते ते पुष्कळदा विमान उतरताना कानात दडे बसतात म्हणून. त्या वेळी त्याला अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी. गिळताना कान मोकळा होतो. मोठ्यांनी तोंडात लवंग किंवा चॉकलेट ठेवावे. यापेक्षा स्वस्त औषध कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

आखाती देशांत जाणाऱ्या वाचकांना एक वेगळा इशारा. आपल्याकडे जी औषधे डॉक्टर सहज लिहून देतात, त्यांतील काही तिकडे अमली पदार्थांच्या नियमांत येतात. ट्रामाडॉल ही दुखण्याची गोळी, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या ही त्यांची ठळक उदाहरणे. संयुक्त अरब अमिरातीत अशी औषधे नेण्यापूर्वी तेथील सरकारची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. २०१७ साली एका ब्रिटिश महिलेने ट्रामाडॉलच्या सुमारे तीनशे गोळ्या इजिप्तमध्ये नेल्या. तिचे म्हणणे, जोडीदाराच्या पाठदुखीसाठी नेल्या. न्यायालयाने तिला तीन वर्षांची शिक्षा सुनावली. शेजाऱ्याने ‘आमच्या पोराला एवढं पुडकं द्या’ म्हणून दिलेली औषधे न पाहता नेणाऱ्यांनी ही गोष्ट आठवावी. आणि कोल्हापूरकरांनी तर आणखी एक : आपल्या घरच्या कांदा-लसूण मसाल्यात पुष्कळ ठिकाणी खसखस पडते. अमिरातीत खसखशीलाही बंदी आहे. दुबईच्या लेकासाठी मसाला करणाऱ्या आईने तेवढी खसखस वगळावी. चव थोडी बदलेल, पण लेकाच्या मागे चौकशीचे शुक्लकाष्ठ लागणार नाही.

राहता राहिली नावांची गोष्ट. आपली क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल. अमेरिकेत याच औषधाला असिटअमिनोफेन म्हणतात. दम्याच्या पंपातले आपले सालब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल होते. कंपनीच्या नावांचा गोंधळ तर याहून मोठा. फ्लोमॅक्स या नावाने अमेरिकेत प्रोस्टेटचे औषध मिळे, तर इटलीत त्याच नावाने सूज उतरवणारे औषध. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली प्रवाशांना याबद्दल सावध केले होते. म्हणून चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव हवे. कंपनीचे नाव आपल्या गल्लीपुरते, मूळ नाव जगभर समजते.

येथे मी माझ्या व्यवसायबंधूंनाही दोन शब्द सांगतो. परदेशी निघालेल्या पेशंटला आपण एक स्वच्छ, टाइप केलेला कागद द्यावा : पासपोर्टवर आहे तसेच नाव, आजार, प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, कशाची ॲलर्जी आहे ते, खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. इन्शुलिनवाल्याला सुया जवळ बाळगणे का आवश्यक आहे, याची एक ओळ. याला दहा मिनिटे लागतात. गुरुजींना ती दहा मिनिटे मी दिली नव्हती. आता देतो, आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाही. पेठेतल्या औषध विक्रेत्यांनीही प्रवाशाला पावती आणि न कापलेल्या, नाव व मुदत दिसेल अशा पट्ट्या द्याव्यात. अर्धी कापलेली पट्टी परदेशातल्या अधिकाऱ्याला काहीच सांगत नाही.

आणि वाचकहो, आपण एवढेच करावे. निघण्यापूर्वी निदान दोन आठवडे आधी डॉक्टरांकडे जावे, आदल्या दिवशी नव्हे. अमेरिकेला जाताना साधारण तीन महिन्यांपुरती औषधे न्यावीत. सहा महिन्यांचे पोते भरू नये. मुक्काम मोठा असेल तर पुढची सोय तिकडच्या डॉक्टरांकडून कशी करायची, ते मुलाला किंवा मुलीला आधीच विचारून ठेवावे. औषधे मूळ वेष्टनात, डब्यात ओतून नव्हे. प्रवासाचे दिवस आणि वर आठवडाभराचा साठा हातातल्या पिशवीत, उरलेला मोठ्या बॅगेत. चिठ्ठीच्या दोन प्रती : एक पासपोर्टबरोबर, एक जोडीदाराजवळ, शिवाय मोबाइलमध्ये फोटो. ताप मोजायला पाऱ्याचा थर्मामीटर न घेता डिजिटल घ्यावा. दाढीचे ब्लेड व कात्री मोठ्या बॅगेत टाकावी. एवढे झाले, की विमानतळावरच्या औषध दुकानापाशी थांबायचे कारण उरत नाही.

गुरुजी गेल्या वर्षी पुन्हा अमेरिकेला जाऊन आले. नातीचा वाढदिवस होता. निघण्यापूर्वी तीन आठवडे आधी दवाखान्यात हजर. टेबलावर कापडी पिशवी ठेवली, एकेक वस्तू बाहेर काढून दाखवली आणि म्हणाले, ‘तपासा डॉक्टर. आता परीक्षा तुमची.’ मी कागद दोनदा वाचला. एका औषधाची मात्रा टाइप करताना माझ्याकडूनच चुकली होती. ती दुरुस्त केली, नवा कागद दिला. गुरुजींनी तो नीट घडी घालून पासपोर्टात ठेवला आणि पिशवी खांद्याला अडकवली.